चांगुणा जुन्या झंपरावर माप घेत न्हाई

चांगुणानं बोट पुढं केलं अन् परत मागं घेतलं. ही तिसरी बारी.

"मावशी, धरा की बराबर," तपासणीवाली ज्योती म्हणली. "नुसती टोचणी हाय."

शाळेच्या ओसरीतल्या बाया फिस्सकन हसल्या. हसणारच. सेनगावच्या अलीकडल्या पाच गावांचे झंपर ही बाई शिवती, दिवसभर सुईसंग खेळती, अन् स्वतःला सुई टोचायची म्हणलं की पळ काढती. ह्याच भेवानं तिनं कोरोनाची लस घेतली नव्हती. लसवाले गावात आले की मशीन बंद, दाराला कडी, अन् चांगुणा हरभऱ्यात. पण तिच्या शिवणीला नाव ठेवणारा अजून जन्मला न्हाई, हेबी सांगून ठेवतो.

मंग आज काहून आली? मंजुळाबाईसाठी.

मंजुळाबाई शेजारची. दोघी एकाच वर्षी ह्या गावात नांदायला आल्या. चांगुणाचा नवरा वसमतला हळदीच्या अडतीवर हमाल, पंधरा दिवसाला एकदा घरी. मंग चहा, भांडण, औषधपाणी, सगळं मंजुळाबाईसंगच. जानेवारीत मंजुळाबाईच्या लेकीचं, आकांक्षाचं लगीन निघालं. नवरीचे नऊ झंपर चांगुणाकडं. अन् लग्नाला चार दिवस राहिले तवा चांगुणाला ताप भरला, घसा बसला, अंग मोडून आलं. तिनं आतून कडी लावली अन् वरडली, "मंजुळे, मला कोरोना झालाय, इकडं फिरकू नको!"

आकांक्षा बाजारातल्या तयार, ढगळ झंपराला पिना लावून स्टेजवर उभी राहिली. पाहुण्यांनी पिना मोजल्या.

तवापासून मंजुळाबाई बोलंना. "झंपर झाले न्हाईत म्हणून सोंग घेतलं. ना दवाखाना, ना रिपोर्ट, अन् म्हणे कोरोना!"

मार्चात हे शिबिर आलं. कोरोना होऊन गेला का ते थेंबभर रक्तावरून कळतं, असं स्पीकरवर पुकारलं. मंजुळाबाई चारचौघीत म्हणली, "दोन रेघा आल्या तर मी स्वतः तुह्या घरी चहाला येते. एक आली तर माह्या दारात यायचं न्हाई."

चांगुणानं डोळे गच्च मिटले अन् बोट दिलं. पंधरा मिनिटं ती त्या पट्टीकडं दुधावर नजर ठेवावी तशी बघून राहिली.

"एकच रेघ," ज्योती हळू म्हणली.

"बघा! मी सांगत होते का न्हाई?" मंजुळाबाईनं पदर खोचला अन् निघून गेली.

चांगुणा घरी आली, मशीनवर बसली अन् दोरा न ओवताच अर्धी बाही शिवली.

आठ दिवसांनी ज्योती तिच्याकडं झंपर शिवायला आली. पिशवीतून जुनं झंपर काढलं. "हे मापाला ठेवा."

"जुन्या झंपरावर माप घेत न्हाई मी." चांगुणानं टेप काढला. "तांड्यावरल्या पुजाचं घेतलं होतं एकदा. बाळंतपणाच्या आधीचं झंपर दिलं तिनं, तेच्यावर शिवलं, तर हूकच लागंना! बाई समोर उभी हाय, अन् झंपर म्हणतंय ही माही न्हाईच. हात वर कर."

ज्योतीचा हात वर गेला अन् तसाच राहिला. "मावशी, आमचं किटबी जुन्या मापाचंच की!"

"म्हंजी?"

"त्या पट्टीवर पहिल्या वर्षीच्या विषाणूचा तुकडा बसवलेला असतो. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात असली की ती तेला चिकटतात, मंग दुसरी रेघ उमटती. पण जानेवारीतला विषाणू रूप बदलून आला होता. तुमच्या रक्तानं प्रतिपिंडं बनवली असतील ती नव्या रूपाच्या मापाची. जुन्या तुकड्यावर हूक बसला नसंल!"

"मंग मला झाला होता असं लिहून दे."

"तसं न्हाई देता येत. प्रतिपिंडं कमी बनली तरीबी एकच रेघ येती. झालाच नव्हता असं त्या रेघंवरून ठरत न्हाई, एवढंच."

"बास झालं एवढं."

गळ्यात टेप तसाच, अन् ज्योतीचा दंड धरून चांगुणा थेट मंजुळाबाईच्या दारात. ज्योतीची एक बाही मोजलेली, एक राहिलेली.

मंजुळाबाई ज्वारी पाखडत होती. ज्योतीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं.

"म्हंजी किट चुकलं?"

"चुकू शकतं, मावशी."

"अन् ही खरं बोलली?"

"ते मला काय इचारता? वीस वर्षांपासून तुमी वळखता."

मंजुळाबाईचं सूप थांबलं. तिनं ज्वारीतला एक खडा वेचून बाहेर टाकला. मंग म्हणली, "चांगुणे, चहात अजून आलं कोंबतीस का?"

"तू येईनास तवापासून चहाच करत न्हाई."

"चल मंग. पण आलं कमी टाक."

त्याच आठवड्यात चांगुणानं लस घेतली. मंजुळाबाईनं तिचा हात धरला होता, अन् वरडणं पार तांड्यापर्यंत गेलं.

बाकीचं दोन वर्षांनी कळलं. आकांक्षा बाळंतपणाला माहेरी आली अन् लेकराला गुंडाळायला मऊ कापड पाहिजे म्हणून तिनं चांगुणाची ट्रंक उघडली. तळाला नऊच्या नऊ झंपर घडी घातलेले, हूक-काज झालेले. बाईनं तापात, कडी लावून, लग्नाच्या आदल्या दिवशीच ते पुरे केले होते. पण आपला रोग कापडासंग नवरीच्या अंगाला जाईल म्हणून दिले न्हाईत. अन् शिवूनबी दिले न्हाईत म्हणलं तर मंजुळी आणखी भडकंल, म्हणून बोललीबी न्हाई. आकांक्षाला त्यातलं एकबी होत नव्हतं. पण उसवून बघितलं तर हरएक शिलाईच्या आत पुढं वाढवायला दोन-दोन बोटं कापड सोडलेलं होतं.