थिएटरच्या दारातून आईला परत फिरवणारी काकू

माझ्या आईची ऑपरेशनची ट्रॉली काकूने थिएटरच्या दारातून परत फिरवली होती.
त्याच काकूला आज सकाळी बुलढाण्यात अखेरचं पोचवून आलो.

डॉ. शैलजा. माझ्या धाकट्या काकांची बायको. माहेर लोणारचं.
भूल देणारी डॉक्टर.

आमच्याकडे लोकांना सर्जनचं नाव पाठ असतं. भूल कोणी दिली, हे कोणी विचारत नाही.
काकू मात्र आज धाड, उद्या लोणार, परवा आणखी कुठे अशी लहान-लहान दवाखान्यांत फिरायची. कधी गाडीने, कधी एसटीने.

सोबत सामानाची बॅग आणि एक भलंमोठं गाठोडं.

त्यात धाडच्या रहीमचाचांनी शिवलेली पांघरुणं असायची. पायांसाठी पिशवी, हातांना बाह्या, डोक्याला टोपी. सगळं जाड कापडाचं, प्रत्येक पेशंटनंतर उकळून धुता येईल असं.

रहीमचाचा पहिल्यांदा हसले होते म्हणे.
"डॉक्टरबाई, ये दुलई है के पोशाख?"
"चाचा, आख्खा माणूस झाकायचा. फक्त ऑपरेशनची जागा उघडी ठेवा."

काही सर्जन मागून तिला 'गोधडीवाली' म्हणायचे. तिला माहीत होतं. हसायची.

बीटी कपाशीतही गुलाबी बोंडअळी निघाली, त्या वर्षीची गोष्ट.

माझं बीबी गावात बियाण्याचं दुकान. माझ्याच दुकानातली पाकिटं नेलेले लोक किडकी बोंडं हातात घेऊन यायचे. समोर ठेवायचे.
आमच्या स्वतःच्या वावरातही तेच. त्या वर्षी आम्ही फरदड, म्हणजे कपाशीचा दुसरा बहार, ठेवलीच नाही, पऱ्हाट्या लवकर उपटल्या.

आईला गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलं होतं. ती दिवाळीच्या आधीपासून पुढे ढकलत होती. "वेचणी होऊ दे." रान मोकळं झालं, तेव्हा तिची बहाणे करायची सोय संपली.

खरं कारण वेगळं होतं. शेजारच्या वच्छलाबाईचे टाके पिकले होते. पू, ड्रेसिंग, परत दवाखाना. बाई अख्खा हंगाम खाटेवर होती.
आणि आईला तर साखरेचा आजार.

"शैला, मले भुलीचं भेव नाही," आई म्हणाली. "टाके पिकले तर मी काय करू?"

काकू तिच्याजवळ बसली.
"बाई, भूल दिली की अंगाले आपली ऊब सांभाळता येत नाही. अंग गार पडलं की कातडीकडलं रक्त आखडते. जखमेले रक्त कमी पोचते, मंग जंतूचं फावते. मी तुमाले गार पडू देणार नाही. बाकी हात धुणं, औषध वेळेवर देणं, साखर सांभाळणं, तेही सगळं पाहिजेच. नुसत्या पांघरुणानं होत नाही."

ऑपरेशनच्या दिवशी कडाक्याची थंडी. काकू आत मशीन तपासत होती. वॉर्डातल्या माणसांनी आईला पातळ गाऊनमध्ये थिएटरच्या दाराशी व्हरांड्यात आणून ठेवलं. आधीची केस लांबली. आई तिथेच पडून.

काकू बाहेर आली. आईच्या पायाला हात लावला. थर्मामीटर लावला, बघितला.

"ट्रॉली वॉर्डात घ्या."

सर्जन हातमोजे घालायच्या तयारीत होते. दारात आले.
"मॅडम, काय झालं?"
"पेशंट गार आहे, सर. छत्तीस सेल्सियसच्या खाली. आधी गरम करू."
"अहो, थंडीचे दिवस आहेत. सगळ्यांनाच गार वाटतं. माझ्या पुढच्या केसेस थांबल्यात."
"इमर्जन्सी असती तर मी एक मिनिट थांबले नसते. ही इमर्जन्सी नाही."
"घरातलं माणूस म्हणून करताय तुम्ही हे."

काकूचा आवाज चढला नाही.
"सर, मागच्या आठवड्यात धाडच्या म्हाताऱ्यासाठीही थांबवलं होतं. तो माझा कोण लागत होता?"

सर्जन म्हणाले, "दुसरा भूलतज्ज्ञ बोलवू शकतो मी."
"बोलवा. पण मी आहे तोवर गार माणसाला भूल देणार नाही."

मी तिथेच उभा होतो. खरं सांगतो, छाती अभिमानाने फुगली होती.

आईला वॉर्डात नेलं. पिशवी, बाह्या, टोपी, वर दोन ब्लँकेटं. ओठांचा रंग परत आला. आईच म्हणाली, "आता घाम फुटून राह्यला व शैला, ने आता."

मग ऑपरेशन झालं. त्याच सर्जननी केलं, आणि उत्तम केलं. सलाइनसुद्धा काकूने कोमट करून चढवलं.

टाके काढायच्या दिवशी मी आईजवळच होतो. जखम कोरडी. स्वच्छ.
पुढच्या मृगात आई कपाशीची सरकी जमिनीत टोबायला वावरात होती.

त्या सर्जननी मात्र बरेच महिने काकूला बोलावलं नाही. काकूने तक्रार केली नाही. दुसरीकडे जात राहिली.
मग एक दिवस त्यांचाच फोन आला.
"मॅडम, उद्या माझ्या आईचं ऑपरेशन आहे. तुम्हीच या."
काकू गेली. एका शब्दानेही टोमणा मारला नाही. मी असतो तर मारला असता!

आज काकूच्या अंत्यदर्शनाला ते सर्जन आले होते. केस पांढरे झालेत. आईसमोर हात जोडून उभे राहिले.
"तुमच्या वेळी मी चिडलो होतो. आता माझ्याकडे पेशंट गरम असल्याशिवाय थिएटरचं दार उघडत नाही. हे मॅडममुळे."

आई रडत होती. तिने पदराने डोळे पुसले, मान ताठ केली आणि जमलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,
"जाऊ होती माझी."

काकू, आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.