आपांची कच्ची ओळ

आमच्या बुलढाण्याच्या ऑफिसात आपांइतका पसारा कुणाच्याच कॉम्प्युटरवर नव्हता. नोकरी सोडून आपा आपल्या मुलीकडे राहायला गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून त्यांच्या नावानं बोटं मोडतो आणि अजून त्यांची आठवण येते.

कापसाच्या शेतकऱ्यांना फोनवर सल्ला ऐकवणारी आमची छोटीशी संस्था. सल्ल्याच्या फायली गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे पुण्याच्या मुख्य ऑफिसातले लोक आणि आम्ही एकाच फायलींवर काम करायचो. पुण्याचा मजकूर आपा माणसांच्या भाषेत आणायच्या, पण कमिट, म्हणजे बदल कायमचा पक्का, म्हणून करायच्या नाहीत! मी ओरडायचो, "आपा, पक्कं करा की!" त्या चष्म्यावरून बघायच्या. "ज्याच्यासाठी लिहलं, त्यानं ऐकल्याबिगर कसं पक्कं करू बे?"

आणि ऐकवायला खरंच जायच्या. धाड गावच्या बाजारात भाजीवाल्या बायकांना उभ्या उभ्या वाचून दाखवायच्या. कुणी तोंड वाकडं केलं, की परत येऊन शब्द बदलायच्या. तोवर पुण्यानं तीच ओळ बदललेली असायची. नवा मजकूर ओढायला जावं, तर गिट अडून बसायचं: तुमचे बदल पुसले जातील, आधी पक्के करा नाहीतर बाजूला ठेवा. हे बाजूला ठेवणं, म्हणजे स्टॅश, आपांच्या भारी आवडीचं. पाहुणे आले की पसारा पलंगाखाली सारावा, तसे त्या आपले बदल सारायच्या, पुण्याचं उतरवून घ्यायच्या आणि पसारा पुन्हा बाहेर ओढायच्या.

गुलाबी बोंडअळी आली, त्या वर्षी मात्र माझं डोकंच फिरलं. अळी न लागणारं बीटी बियाणं लावलंय म्हणून सगळे निर्धास्त. बोंड वरून हिरवंगार, आत किडकं. त्याच आठवड्यात बोंडं फोडून पाहिली नाहीत, तर हातचं पीक जाणार होतं. पुण्याहून ओळ आली: "प्रादुर्भावाची पातळी निश्चित करण्याकरिता हिरव्या बोंडांचे यादृच्छिक सर्वेक्षण करावे."

"हे काय लग्नाची पत्रिका हाय?" आपा कडाडल्या.

त्यांनी पसारा बाहेर ओढला. एकच ओळ दोघांनी बदललेली, म्हणून गिटनं हात वर केले आणि दोन्ही ओळी खुणांसकट एकाखाली एक ठेवल्या. आपा त्यातली एक निवडणार, तेवढ्यात बारा वाजले आणि रोज त्या वेळी आपांच्या कॉम्प्युटरवरून सल्ला उचलून शेतकऱ्यांना फोनवर ऐकवणाऱ्या मशीननं फाइल जशीच्या तशी गावोगाव वाचून टाकली! आधी पुण्याचं सर्वेक्षण, मग आपांचं, "भाऊ, बोंड वरून बरं दिसते म्हणून बसू नका. आज वीस बोंडं फोडून पाहा," आणि शेवटी बाजूला ठेवलेल्या बदलांवरची गिटची इंग्रजी खूण, "स्टॅश्ड चेंजेस."

बीबी गावच्या एका काकांनी ते औषधाचं नाव समजून कृषी केंद्रात 'स्टॅश्ड चेंजेस'ची बाटली मागितली. दुकानदार म्हणाला, उद्या येईल.

पुण्याचे साहेब फोनवर तापले. असली माणसं कामावर नकोत, म्हणाले. आपा खाली मान घालून बसल्या. मला फार वाईट वाटलं. तेवढ्यात दुसरा फोन वाजला, तो मी स्पीकरवर टाकला. पिंपळगाव राजाचा शेतकरी होता.

"आवाज एकच होता, पन पहिले कोणी साहेब बोलला, त्याचं काही समजलं नाही. मंग आपल्या मायवानी बोलणाऱ्या बाईनं त्याले गप केलं. वीस फोडले, नऊ किडके निघाले. त्या बाईले सांगजा, फवारा घेऊन निघालो."

"मंग बोलून काऊन राह्यला?" आपा ओरडल्या. "शेजाऱ्यालेबी सांग!"

पहिल्या फोनवर साहेब सगळं ऐकत होते. मग हळूच म्हणाले, "आपा, गावाकडं माझ्या भावाचीही कपाशी आहे हो. तिकडे नुसतं आमचं सर्वेक्षणच गेलंय, ते त्याला कळलं नसेल. त्याला जरा तुम्हीच फोन करता का?"

आपांनी नंबर लिहून घेतला.