सहा उकिरडे

भेळ संपली की कागद टाकून द्यायचा, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आमचे वनस्पतिशास्त्राचे सर मात्र तो कागद दोन बोटांत चोळायचे, उजेडाकडे धरायचे आणि विचारायचे, "याचं पुढं काय होतं?" केळीची साल, तुटकी चप्पल, विझलेली काडी, कुणाचीच सुटका नव्हती. माझी आई म्हणायची, सरांना जेवायला बोलावलं तर ताटं लगेच उचलावीत, नाहीतर खरकट्याचीही चौकशी होईल.

सर नगरला आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायचे. नोकरी हंगामी होती. बायको आणि लहान मुलगी साताऱ्याला. कायम झालो की बिऱ्हाड आणणार, असं ते आईला दर महिन्याला सांगत. प्राचार्यांनी त्यांना सुचवलं होतं की उन्हाळ्यात विद्यार्थ्यांकडून एखादं संशोधन करून घ्या, जूनमध्ये समितीपुढे मांडा. त्यावर कायम करायचं की नाही ते ठरेल.

विषय सरांना रस्त्यात सापडला. कापडबाजारात तेव्हा साडीबरोबर प्लास्टिकची पातळ पिशवी मिळू लागली होती, त्याचं अप्रूप होतं. आमच्या गल्लीतली एक गाय मेली तेव्हा तिच्या पोटातून अशा पिशव्यांचा गोळा निघाला. लोकांनी नाकाला पदर लावला. सर मात्र उकिडवे बसून बघत राहिले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट.

वर्गातला दत्तू सोनईजवळच्या खेड्यातला. मे महिन्यात त्याच्या गावातले सहा उकिरडे आम्ही निवडले. प्रत्येकात चार वस्तू पुरायच्या: पत्रावळ, सुतळी, जुन्या धोतराचा तुकडा आणि प्लास्टिकची पिशवी. जून लागला की उकरून काय कुजलं, किती कुजलं ते लिहायचं. खत शेतात नेताना आमचा कोपरा तेवढा सोडायचा, हे सहाही घरांनी कबूल केलं.

दत्तूची चुलती कमरेवर हात ठेवून बघत होती. कॉलेजात जागा कमी पडली म्हणून आता उकिरड्यावर शाळा भरवताय का, असं तिनं विचारलं. सर हसले आणि खोरं मारत राहिले. त्यांच्या हाताला फोड आले, पण ते मी घरी आल्यावर पाहिले.

जूनमध्ये आम्ही गेलो. पहिला कोपरा उकरला. पत्रावळीच्या नुसत्या शिरा राहिल्या होत्या, सुतळी ओढली की तुटत होती. पिशवी नव्हती. दुसऱ्यात नव्हती, तिसऱ्यातही नव्हती. सहावा उकरून झाला तेव्हा दत्तू नाचायचाच बाकी होता. पिशव्या कुजल्या, सर आता नक्की कायम होणार, असं तो म्हणत होता. सरांनी माती मुठीत घेतली, चोळली, वास घेतला.

मग आम्ही चहाला चुलतीच्या घरी गेलो. खुंटीला एक पिशवी टांगलेली होती, स्वच्छ धुतलेली, आत शेवया. सर उठून तिच्यापाशी गेले.

"ही कुठली, मावशी?"

"तुमचीच की. तुमी गेला त्याच सांजंला काढली. आमी समद्या बायकांनी काढल्या. इतकी चांगली वस्तू कुनी मातीत घालतं व्हय? पाखराच्या पंखावानी हलकी हाय, पानी शिरत न्हाई. मास्तर मानूस, ध्यानात नसंल आलं म्हनलं."

दत्तूनं मान खाली घातली. मला हसू येत होतं आणि सरांकडे बघवत नव्हतं. सरांनी शांतपणे विचारलं, "आणि फाटली की? पुढं काय होतं हिचं?"

"फाटल्यावर बगू. आजून कुठं फाटलीया."

ती शेवया ताटात ओतून पिशवी परत द्यायला निघाली. सरांनी तिचा हात थांबवला. राहू द्या म्हणाले, शेवयांना वारा लागेल.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. नगरला परतल्यावर सर हे सगळं सांगायला त्यांच्याकडे गेले तेव्हा दत्तू आणि मी दारातच उभे होतो, म्हणून पुढचं ऐकलं. प्लास्टिक कुजत नाही हे शेंबडं पोरही सांगेल, ते म्हणाले. तेवढं एक वाक्य घाला, समिती काही उकिरडा बघायला जात नाही. आणि खोटं कुठं आहे ते?

"खोटं नाही, सर. पण मी पाहिलेलं नाही."

सरांनी लिहिलं की पिशव्या घरोघरी वापरात आहेत, निष्कर्ष काढता येत नाही. समितीत ते वाचलं गेलं तेव्हा हशा पिकला, असं शिपायानं आम्हाला सांगितलं. जागा दुसऱ्याला मिळाली. आज गावोगावच्या उकिरड्यांतून पिशव्याच पिशव्या वर येतात. तुम्हीही पाहता, मीही पाहते. तेव्हा त्या मातीत ठेवायला कुणी तयार नव्हतं.

सर खोल्या सोडून निघाले त्या दिवशी त्यांचं सामान आवरायला आई आणि मी मागच्या खोल्यांत गेलो. सामान होतंच किती. एक ट्रंक, एक वळकटी, पुस्तकं. सर बाहेरच्या खोलीत जेवणाचा डबा आणून खात, त्यामुळे आतल्या खोलीत आम्ही वर्षभर डोकावलोही नव्हतो. तिथं भिंतींना निळसर चुना दिलेला होता. फळीवर कातरलेला कागद अंथरून डबे ओळीनं मांडलेले, सगळे रिकामे. खिडकीच्या गजांना खाली, लहान मूल उभं राहील तेवढ्या उंचीपर्यंत, सुतळीची जाळी विणून बांधली होती.

आई म्हणाली, राहू द्या, आम्ही झाडून घेऊ. सरांनी ऐकलं नाही. खाली बसून त्यांनी एकदाही न पेटलेली चूल ओल्या फडक्यानं पुसली, मग जाळीच्या गाठी एकेक सोडवल्या आणि किल्ली आईच्या हातात दिली.