शकूमावशीचा चेहरा विकायचा नाहीये

शनिवारी सकाळी माझ्या कर्वेनगरच्या घरी, डायनिंग टेबलाशी, मी आणि हेमंत कडाकडा भांडलो. कशावरून? तर एका बाईच्या नाकावरून... जी बाई जन्मालाच आलेली नाही!

सांगते. मी चित्रं काढते, माझा मित्र हेमंत गोष्टी लिहितो. आमच्या कॉमिकची नायिका शकूमावशी. वधू-वर सूचक मंडळ चालवते आणि स्थळांची चौकशी करत स्कूटरवरून पुणंभर हिंडते. मुलगा खरंच 'निर्व्यसनी' आहे का, हे पानवाल्यापासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना विचारून शोधून काढते.

आणि तिचा चेहरा आजवर कोणी पाहिलेला नाही. पुण्यातल्या तमाम स्कूटरवाल्या मुलींसारखा कायम स्कार्फ गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून! ही आयडिया हेमंतची, अगदी पहिल्या पानापासूनची.

दोन पुस्तकं आम्ही पदरमोड करून छापली. तिसरं तयार होऊन पडलंय, आणि अशातच एका कंपनीचा मेल आला... शकूमावशीची डिजिटल कलेक्टिबल्स काढू या. म्हणजे चित्र फोनवर सगळ्यांनी बघायचं, पण मालकी ज्याने विकत घेतलं त्या एकाचीच. मी डोळे वेगळे, स्कार्फ वेगळा, स्कूटर वेगळी असे सुटे भाग काढून द्यायचे आणि कॉम्प्युटर ते उलटसुलट जोडून शेकडो शकूमावश्या करणार. गॉगलवाली, नथवाली, काय वाटेल ती.

त्यातली सगळ्यात 'रेअर' कोणती? बिनस्कार्फची. ती एकच निघणार. जो घेईल, शकूमावशीचा चेहरा त्याच्या मालकीचा.

मला ते खटकलं होतं, खोटं कशाला बोलू. पण हेमंत इतका उत्साहात होता की मी गप्प बसले. त्या पैशांतून तिसरं पुस्तक निघेल म्हणून असेल, असं वाटलं.

तर शनिवारी व्हिडिओ कॉल. कंपनीचा मुलगा, बोलायला अगदी गोड, म्हणाला की मॅम, फक्त चेहऱ्याचं वर्णन सांगा. आम्ही दोघं एकदम बोललो. मी म्हटलं नाक धारदार, हेमंत म्हणाला बसकं. मी म्हटलं ओठ पातळ, घट्ट मिटलेले... तो म्हणाला छे, हसरे.

झालं! जुंपली. इतकी वर्षं एकत्र काम करतोय आणि ही बाई दिसते कशी, हे आम्ही एकमेकांना कधी विचारलंच नव्हतं. जगाच्या चौकश्या करणारी बाई काढली, आणि घरच्या घरात चौकशी राहून गेली. माझ्या मनात होत्या शाळेतल्या गणिताच्या बाई, नुसत्या नजरेने वर्ग गार करणाऱ्या. हेमंतच्या मनात कोण होतं, देव जाणे.

आमचा अवतार बघून तो मुलगा म्हणाला, नो प्रॉब्लेम, एआयकडून करून घेऊ, तुम्ही फक्त अप्रूव्ह करा. आणि चहा निवायच्या आत स्क्रीनवर चेहरे यायला लागले. एकीपेक्षा एक नितळ, गोऱ्यापान, दात ओळीने... एक तर थेट टूथपेस्टच्या जाहिरातीतली.

हेमंत स्क्रीनकडे वाकला. मग हळूच म्हणाला, "पुढचा दात बाहेर होता तिचा."

होता... मी चमकून त्याच्याकडे पाहिलं. हा शकूमावशीबद्दल बोलत नव्हता. मी 'नंतर कळवतो' म्हणून कॉल आवरता घेतला.

मग त्याने सांगितलं. हेमंत मूळचा पुण्याजवळच्या मांजरी गावचा. भावकीतल्या पोरींसाठी स्थळ आलं की त्याची आई एसटी बदलत मुलाच्या गावी जायची, किराणा दुकानात बसून सगळी कुंडली काढून आणायची. पण त्या दातापायी हसताना तोंडावर पदर, आणि फोटो म्हटलं की हमखास पदर. ती गेली तेव्हा भिंतीवर लावायला एक धड फोटो मिळाला नाही. सगळ्यांत नुसते डोळे.

म्हणून याचा उत्साह! पुस्तकबिस्तक राहिलं बाजूला... या निमित्ताने मी तिचा चेहरा काढेन, एवढंच याच्या डोक्यात. तो चेहरा भलत्याच कोणाच्या मालकीचा होणार, हे त्या जाहिरातवाल्या बायका बघितल्यावर त्याला उमगलं.

मी भडकले. सरळ मागता येत नव्हतं का रे? आणि मग रडलेही. शकूमावशीचे डोळे तरी तिच्यासारखे आलेत का, विचारलं. "नाही," म्हणाला, "पण तुझेही बरे आहेत."

कंपनीला आम्ही नकार कळवला. बिनस्कार्फची नसेल तर त्यांनाही रस नव्हता. तिसरं पुस्तक आता एकेक पान करून फोनवरच टाकणार आहोत... टेक्नॉलॉजीशी माझं वाकडं नाही, आमचे निम्मे वाचक तिथेच तर भेटले. फक्त काय विकायचं आणि काय नाही, हे आपलं आपल्याला ठाऊक हवं. आम्हाला नव्हतं.

रविवारी हेमंत परत आला. तो सांगत गेला, मी काढत गेले, खोडत गेले. नाक अजून बसकं... कपाळ लहान... दात थोडा पुढे, नाही, इतका नाही. अख्खी दुपार त्यात गेली.

मग त्याने कागद आपल्याकडे ओढला. माझ्याशी कायम शहरी मराठीत बोलणारा हेमंत कागदाकडे बघत म्हणाला, "हाय... आई हाय ही."

आजवर इतकं काढलं, पण असं बक्षीस कधी मिळालं नव्हतं. हेमंतच्या आई, मनापासून आभार.

चित्र त्याच्या घरी भिंतीवर लागलंय. इथे टाकणार नाहीये. कमेंटमध्ये मागू नका.