मलिद्याचा घास

माझा मुलगा खेळून घरी आला की मी आधी त्याचं तोंड हुंगायची. पाय धुतले का, ऊन लागलं का, हे सगळं नंतर. ओठांना, बोटांना गुळाचा वास येतोय का तेवढं आधी बघायची. त्यावरून गल्लीत मला नाव पडलं होतं. विहिरीवर गेले की बायका मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणायच्या, "आली बघा तोंड हुंगणारी." मीही काही कमी नव्हते. "तुमची तोंडं कोन हुंगतंय, तंबाकूनं जीव जाईल माझा," असं सुनवायची आणि घागर उचलायची. पण घरापर्यंत भरली घागर घेऊन पळतच यायची. तेवढ्या वेळात कुणी त्याच्या हातावर काही ठेवलं असेल तर, एवढं एकच डोक्यात असायचं.

निजामाच्या राज्यातले दिवस होते. हळ्ळीखेडपासून थोडं आत आमचं गाव. जोंधळा, तूर आणि विहिरीवर थोडा ऊस. माझं लग्न मामाशी झालेलं, म्हणजे आईच्या सख्ख्या धाकट्या भावाशी. आमच्याकडं भाचीवर मामाचा पहिला हक्क, त्यात कुणाला काही नवल वाटत नसे. त्यामुळं माझी सासू हीच माझी आजी. लहानपणापासून मी तिला अव्वा म्हणत आले, लग्नानंतरही अव्वाच. बाई मोठ्या मनाची, पण हट्टी. दारात कुणीही येवो, गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिल्याशिवाय सोडायची नाही. नको म्हणणाऱ्याच्या हाताला धरून खाली बसवायची.

पुढं माझे केस पिकल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. गूळ, साखर, मध, फळं यांतला गोडवा पचवायला शरीरात जे लागतं, ते काही लेकरांत जन्मतःच नसतं. गोड पोटात गेलं की काळजावर, लिव्हरवर घाला पडतो. आणि हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाच घराण्यात लग्नं झाली की तो जमून येण्याची भीती जास्त. बाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. मला चित्राची गरज नव्हती. मी ते आधीच बघितलं होतं, दोनदा.

माझी पहिली मुलगी अंगावर पीत होती तोवर अशी गुटगुटीत होती की बायका बघून कानशिलावर बोटं मोडून दृष्ट काढायच्या. उष्टावण झालं, खीर चाखवली, आणि ती ओकायला लागली. घामानं भिजायची, गळून पडायची. गळाली की अव्वा अंगात जीव यावा म्हणून गुळाचं पाणी पाजायची. हुमनाबादहून हकीमसाहेबांचं चूर्ण आणलं, तेही मधात कालवून द्यायचं होतं. पोरगी पिवळी पडत गेली आणि गेली. सगळे म्हणाले, दातावर गेली. दात येतानाच्या दुखण्यात लेकरू गेलं की आमच्याकडं असंच म्हणतात.

मग हा मुलगा. त्याचंही उष्टावणानंतर तेच सुरू झालं. मी भिऊन त्याला उचलला आणि आळंदला आईकडं निघून गेले. आईचं घर तेव्हा ओढगस्तीचं, गूळ सणापुरताच. तिथं दूध, भाताची पेज, ताकातली भाकरी एवढ्यावर पोरगा महिन्याभरात टवटवीत झाला. परत आले, दारातच अव्वानं लाडानं त्याच्या जिभेला गूळ लावला, आणि संध्याकाळपर्यंत तो पुन्हा हातपाय गाळून पडला. त्या दिवशी मला कळलं. कुणी सांगितलं नाही, पुस्तकात वाचलं नाही, पण माझ्या पोराला गूळ मारतोय हे मला कळलं, आणि कळल्याचा आनंद होण्याऐवजी मी आणखीच भ्याले. ज्या गावात गोड दिल्याशिवाय कुणी कुणाशी बोलत नाही, त्या गावात हे पोर मी वाढवणार कसं?

अव्वाला ते पटलं नाही. "गुळानं मेलं असं कुनी आईकलंय का?" ती म्हणायची. "आडाणी हायस तू. लेकराच्या तोंडचं गोड काढायलीस, पाप लागंल." आमचे हे दोघींच्या मध्ये बसून जेवायचे आणि मान वर करायचे नाहीत. बारसं, लग्न, वेळ अमावस्येचं शेतातलं जेवण, मी कुठंच जाईनाशी झाले. मुलगा मात्र शहाणा निघाला. गोड त्यालाच नको असायचं. कुणी तोंडात घातलंच तर थू करून टाकायचा आणि पळत यायचा. गल्लीत त्याच्याइतके पांढरे स्वच्छ दात कुणाचे नव्हते. त्याच्या त्या थुंकण्यावर मी जगत होते.

पण अव्वानं एक नवस बोलून ठेवला होता. तो तान्हेपणी आजारी पडला होता तेव्हा तिनं पीराला हात जोडले होते: पोरगं जगलं, पाच वर्षांचं झालं, की मोहरमात त्याला फकीर करीन. आमच्या गावात हिंदूंची कितीतरी पोरं असं फकीर व्हायची. गळ्यात लाल-हिरवा नाडा, कपाळाला उदी, हातात झोळी. पाच घरं मागायची, मागून आलेल्या पिठागुळाचा मलिदा करायचा, म्हणजे चपाती कुस्करून त्यात गूळ आणि तूप. पीरापुढं फातिहा झाला की पहिला घास त्या पोरानं खायचा. तेव्हा नवस फिटला.

तो पाच वर्षांचा झाला आणि मोहरमचा चांद दिसला. मला जेवण जाईना. "नवस न फेडता ठिवला तर पीर लेकरू परत न्हेतो," अव्वा म्हणत होती आणि तेही मला खोटं वाटत नव्हतं. घास खाल्ला तर मरेल, नाही खाल्ला तर मरेल, अशी माझी गत झाली. शेवटी मी एक युक्ती केली. नवसाच्या दिवशी पहाटे उठून नुसत्या तुपामिठात चपाती कुस्करली, फडक्यात बांधली आणि पदराखाली घेतली. पीराची सेवा करणाऱ्या मुजावरचाचांच्या हातावर तेच ठेवायचं आणि पीरानं मला माफ करायचं, असं मी मनात ठरवलं.

दुपारी पीराच्या चावडीपुढं गाव जमलं होतं. ताशे वाजत होते. माझा पोरगा नाडा घालून ऐटीत उभा होता. फातिहा झाला आणि मी पुढं सरकले, तोवर अव्वा माझ्याही पुढं गेली. माझ्या पदराखाली काय आहे ते तिनं कधीच ओळखलं होतं. "मागून आनल्याचाच लागतोय," ती एवढंच म्हणाली आणि आपल्या ताटलीतली चिमूट तिनं मुजावरांच्या बोटांत दिली. त्यांनी ती पोराच्या तोंडात घातली.

मी त्याच्या तोंडाकडं बघत होते. आता थुंकेल, आता थुंकेल. त्यानं गाल फुगवले, माझ्याकडं बघितलं, मग पीराकडं बघितलं. देवाचं थुंकायचं नाही, हे मीच त्याला शिकवलं होतं. डोळ्यांत पाणी आणून त्यानं ते गिळलं.

पुढचं मी काय केलं ते गाव बरीच वर्षं बोलत होतं. मी त्याला खाली पाडला आणि त्याच्या घशात बोटं घातली. पीरासमोर, साऱ्या गावासमोर पोरगा ओकला. ताशे थांबले. कुणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला, कुणी म्हणालं अंगात आलंय. मी त्याला खांद्यावर टाकून घराकडं पळाले.

सगळं बाहेर पडलं नव्हतं. ओसरीवर निजवला तोवर त्याचं कपाळ घामानं भरलं, हात थंड पडले. "आई, पोट," म्हणाला आणि डोळे मिटले. मी पेजेसाठी चुलीकडं धावले. मागं वळते तर अव्वा त्याच्या उशाशी, हातात पीराच्या चावडीपुढं वाटत होते त्या गुळाच्या शरबताचा तांब्या.

"सर बाजूला, गळालंय पोर," ती म्हणाली.

माझ्या अंगात तिला ढकलायचंही बळ उरलं नव्हतं. मी ओरडले, "पाजा! पाजा तुमच्या हातानं! पर ह्या बारीला इथंच बसा, अव्वा. पोरीला पाजून तुमी भाकऱ्या करायला उठलावता. आता उठायचं न्हाई. त्याच्याकडं बघत बसायचं."

मी खरंच तिला पाजू दिलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही. अव्वानं एक हात त्याच्या मानेखाली घातला होता. तो हात घामानं ओला झाला. तिनं तो बाहेर काढून बघितला, पुन्हा पोराकडं बघितलं, आणि तांब्या खाली ठेवला.

"असाच घाम," ती पुटपुटली. "असाच गार घाम यायचा."

मग मी पेज आणली. चमच्यानं ओठ ओले करायचे, थांबायचं, गिळतोय का बघायचं. अव्वा त्याचे तळपाय चोळत राहिली. आमचे हे येऊन दारात उभे राहिले, त्यांना आत यायचा धीर होईना. बाहेर ताशे पुन्हा सुरू झाले होते. पीराचा अपमान केला म्हणून तो जाईल की गुळानं जाईल, असलं काहीबाही मनात येत होतं, आणि प्रत्येक चमच्याला वाटत होतं की पुढचा चमचा तो गिळणार नाही.

दिवेलागणीला त्यानं डोळे उघडले. थोड्या वेळानं उठून बसला आणि भाकरी मागितली. मी हमसून हमसून रडले. अव्वा रडली नाही. भिंतीला टेकून बसली होती, तशीच राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "तुज्या आईच्या पाठची माजी दोन लेकरं दातावर गेली. एक तर चालायला लागलंवतं. घाम आला की मी गूळपानी पाजायची. उठलं न्हाई की आनखी पाजायची." मग तिनं विचारलं, "माज्याच हातानं गेली व्हय गं ती?"

इतकी वर्षं माझ्या मुलीच्या नावानं हेच मला तिच्या तोंडावर फेकायचं होतं. कितीदा जिभेवर आलं होतं. आता तीच विचारत होती आणि उत्तर मला ठाऊक होतं.

"न्हाई अव्वा," मी म्हणाले. "त्यांचं दुखनं येगळं. तवा गावात साथ होती."

"साथ होती?"

"व्हय. आईनं सांगितलंय मला."

आईनं मला असं कधीच काही सांगितलं नव्हतं. अव्वानं मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही, मी विचारलं नाही आणि तिनंही तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

ती उठली, भाकरी थापली, दुधात कुस्करली. ताट घेऊन आली, पण त्याच्यापुढं ठेवेना. आल्यागेल्याला हाताला धरून जेवायला बसवणारी माझी आजी ताट हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "देऊ का गं?"

"द्या," मी म्हणाले.

तो जेवायला लागला. शेवटचा घास गिळून होईपर्यंत ती दर थोड्या वेळानं त्याच्या कपाळाला हात लावून घाम येतोय का ते बघत होती.