नानांचे डोळे आणि माझं निदान

माझी फजिती ऐकायची आहे? मग चहा गार झाला तरी तक्रार करू नका. आणि आधीच सांगते, यात शहाणी ठरलेली व्यक्ती मी नाही.

माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पडदा असतो, त्याच्या एका आजारावर मी संशोधन करते. या आजारात आधी अंधारात दिसेनासं होतं, मग कडेकडेचं दिसणं जातं आणि शेवटी माणसाला नळीतून बघितल्यासारखं फक्त समोरचं दिसतं. दोष जनुकात असतो. नात्यातल्या नात्यात लग्नं होत गेली की तो आई आणि बाप दोघांकडूनही मिळण्याची भीती वाढते. आमच्या खानदेशी घरांत तर मामाची मुलगी करायची चालच आहे. माझी आईसुद्धा नानांच्या मामाचीच मुलगी. नाना म्हणजे माझे वडील, जन्मभर कापड विणायच्या लूमवर उभे राहिलेले.

तर धाकट्या भूषणच्या साखरपुड्यासाठी मी लिंबायतला घरी आले. मुलगी कोण? उधन्याच्या मामाची कविता. भूषण तिच्यासाठी कधीपासून झुरत होता, ते सगळ्या गल्लीला माहीत होतं.

दिवेलागणीला मी गॅलरीत उभी होते. खाली नाना पाठमोरे चालले होते, दोन्ही हात डोळ्यांशी. मला वाटलं, डोळे चोळताहेत. तेवढ्यात ते उभ्या रिक्षावर जाऊन धडकले. अहो, रिक्षा! ती न दिसायला काय सुई आहे?

जेवताना मी त्यांच्या कानाजवळ हळूच बोटं हलवून पाहिली. नाना ताटाकडेच बघत राहिले. पुन्हा हलवली. ढिम्म हलले नाहीत. मी घास तसाच टाकून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. लोकांच्या डोळ्यांसाठी आयुष्य घालवलं आणि बापाचे डोळे जाताना कळलं नाही!

आता खरं तर नानांना सरळ विचारायचं की नाही? पण विचारेल ती संशोधक कसली. मी वंशावळ मांडली, आजोबा-पणजोबांची लग्नं जोडली आणि दोष कुठून आला असेल ते ठरवूनसुद्धा टाकलं. नाना आजारी म्हणजे दोष भूषणमध्ये येणारच. मामाचं घर तर रक्ताचंच, कवितातही असू शकतो. भूषणला म्हटलं, साखरपुडा थांबव. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मामाला फोन करून म्हटलं, आधी सगळ्यांचं रक्त तपासू.

मामीने त्याचा अर्थ काय घ्यावा? शिकलेल्या नणंदेला आमची पोर नको झाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा-मामी दारात. मामी पदराने डोळे पुसतेय, मामा भिंतीकडे बघतोय, आई माझ्याशी बोलत नाही आणि भूषण तर जेवलेलाच नाही. शेवटी नाना बाहेर असताना मी सगळ्यांना एकत्र बसवून नानांच्या आजाराचं सांगितलं.

आणि त्याच क्षणी नाना दारातून आत आले. दोन्ही डोळ्यांना सूत गुंडाळायचे पुठ्ठ्याचे रिकामे कोन लावलेले, दुर्बिणीसारखे. आले ते थेट मामाच्या मांडीवर.

कोन बाजूला काढून त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. मी कसंबसं विचारलं, नाना, हे काय?

ते लाजले. म्हणाले, "तूच सांगं ना फोनवर, नळीमाईन दिसस तसं दिसस त्यासले. म्हनीसन पाही राह्यंतू. गल्लीना लोके इचारतस, तुमनी पोर काय करस? माले सांगता येस नही. आते येई."

आणि जेवताना मी बोटं हलवली ती? त्यांना वाटलं, मी डास हाकलतेय.

मी तिथेच त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून हसत होते की रडत होते, मला अजून सांगता येणार नाही. माझं काम कळावं म्हणून हा माणूस रोज गल्लीत रिक्षांना धडकत होता. इतकं माझ्यासाठी कुणी केलेलं नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल जे सांगायचं, तपासायचं, ते भूषण-कविताला नंतर शांतपणे सांगितलं. दोघांनी ऐकलंही. साखरपुडा झाला.

त्या दिवशी मंडपात नानांनी काय करावं? पिशवी भरून कोन आणले आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या डोळ्यांना लावून त्याला मंडपभर चालवलं. "मनी पोर यानं औषध शोधी राह्यनी," हे वर. म्हातारेकोतारे खुर्च्यांवर आपटत होते आणि नानांची छाती फुगत होती.

मीही हौसेने हात पुढे केला. मामीने वरच्यावर कोन काढून घेतले.

"दाजी, तिले नका देऊ," ती म्हणाली. "तिले बिना कोननंच तसं दिसस."