सक्तीचा रकाना

सांगलीत आमची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट एका औषधाच्या दुकानाच्या वर होती. जिना चढून गेलं की चपला बाहेर काढायच्या, पायपुसण्यावर पाय घासायचे आणि मगच आत जायचं. पहिल्या दिवशी मी सवयीनं उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. मागं बाकावर बसलेली पोरं हसली. सर म्हणाले, "हसताय काय? चिखलाचे पाय घेऊन येणाऱ्यांपेक्षा हा बरा." ते मला तेव्हाच आवडले.

आमचं घर आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातलं, मेंढरं राखणाऱ्यांचं. दसरा झाला की वडील आणि थोरला भाऊ मेंढरं घेऊन कराड-पाटणच्या बाजूला उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. घरी आई, वहिनी आणि एक म्हैस. मी विट्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालो, तेव्हा आमच्या घरातला पहिलाच पदवीधर होतो. पुढं डेटाबेसचा आणि प्रोग्रॅमिंगचा वर्षाचा कोर्स करायचा म्हणालो, तर भाऊ म्हणाला, "कर. तुझ्या वाटणीची मेंढरं मी बघतो. पर गड्या, वरीसभरच हं." त्यानं ते खरंच केलं. एकट्यानं दोघांचं काम ओढलं.

सरांना शिकवायला मदतनीस हवा होता. शेवटचं प्रोजेक्ट पास झालास तर तुला इथंच ठेवून घेतो, असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. नापास झालो, तर पुढच्या दसऱ्याला मी भावाबरोबर मेंढरांमागं जाणार होतो. त्यात कमीपणा नव्हता. पण भावानं ओढलेलं ते वर्ष वाया गेलं असतं, आणि तेच मला खात होतं.

सर शिकवायचे ते सगळं सांगलीचं उदाहरण घेऊन. "टेबल म्हणजे काय? हळदीचा बाजार समजा. प्रत्येक पोत्याला नंबर पाहिजे. नंबर नसलेलं पोतं कुणाचं? कुणाचंच नाही." सर्व्हर आतल्या थंडगार खोलीत होता. तिथं जाताना आमचे आवाज आपोआप बारीक व्हायचे. संध्याकाळी टेपवर बॅकअप घेतल्याशिवाय कुणाला घरी सोडत नसत. आणि रिकाम्या रकान्यांचा त्यांना भारी राग. "आज तुम्ही एक रकाना रिकामा सोडता, उद्या रिपोर्ट काढणारा माणूस रडतो." ते ऐकून मी माझ्या प्रोग्रॅममधला जवळजवळ प्रत्येक रकाना सक्तीचा केला होता. भरल्याशिवाय कर्सर पुढं सरकायचाच नाही, नुसती शिटी वाजायची.

परीक्षेची त्यांची एक पद्धत होती. प्रोग्रॅम विद्यार्थ्यानं चालवायचा नाही. ज्या माणसासाठी तो लिहिला, त्यानं येऊन चालवायचा. विद्यार्थ्यानं भिंतीजवळ हात मागं बांधून उभं राहायचं. अक्षरही बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. "कामाच्या जागी तुम्ही असणार नाही. तुमचा प्रोग्रॅम असणार. त्याला बोलू द्या," असं ते म्हणायचे.

मी गावातल्या बायकांच्या दूध संस्थेसाठी प्रोग्रॅम लिहिला होता. वहिनी सातवी शिकलेली, संस्थेचं रजिस्टर तीच लिहायची. तिच्या रजिस्टरात बाईचं नाव आणि वस्ती एवढंच असायचं. मला ते अपुरं वाटलं. कॉलेजच्या अर्जावर असतं तसं मी पूर्ण नाव घेतलं, नवऱ्याच्या नावाचा वेगळा रकाना केला. जुन्या सभासदांची माहिती मी गावातल्या मतदारयादीवरून स्वतःच भरली. वहिनी काही रविवार सांगलीला येऊन रोजचं दूध कसं नोंदवायचं ते शिकली. मराठी अक्षरं दिसणारं मशीन एकच होतं, त्याच्यापुढं ती पदर खोचून बसायची आणि एका बोटानं टकटक करायची. "भावजी, ह्ये तर चुलीपरास सोपं हाय. धूर न्हाई," म्हणायची.

परीक्षेच्या दिवशी सोबत म्हणून आईही आली. एस.टी.तून उतरून दोघी थेट इन्स्टिट्यूटमध्ये आल्या. परीक्षक म्हणून पुण्याहून एक बाई आल्या होत्या, सुती साडी, केस बारीक कापलेले. मी भिंतीला लागून हात मागं बांधले. वहिनीनं सकाळचं दूध नोंदवलं, फॅट टाकलं, पावती काढली. प्रिंटर करकरला. सगळं सुरळीत झालं. परीक्षक बाईंनी मान हलवली आणि म्हणाल्या, "छान. आता एक नवा सभासद नोंदवून दाखवा. या तुमच्या सासूबाई ना? यांनाच नोंदवा."

वहिनीनं आईचं नाव टाकलं. कर्सर खाली उतरला आणि वहिनीचं बोट हवेतच राहिलं.

"आत्या," ती सासूला हळूच म्हणाली, "ह्ये मामंजींचं नाव मागतंय."

आईनं पदर डोक्यावर आणखी पुढं ओढला. "मग?"

"भरल्याबिगर फुडं जात न्हाई."

"मग भर की."

"म्या? मामंजींचं? आन् तुमच्या म्होरं?"

परीक्षक बाईंना गंमत वाटली. "आजी, उखाण्यात घ्या की!"

"लगनात घेतला हुता बाई. कवाचा इसरला त्यो."

"बरं, मग सूनबाई, तुम्ही बोलू नका. नुसतं टाइप करा."

वहिनी म्हणाली, "आवं बाई, तोंडानं घेतलं काय आन् बोटानं लिवलं काय, नाव त्येच की."

तिनं रकाना रिकामा ठेवून पुढं जायचा प्रयत्न केला. शिटी वाजली. परत केला. परत शिटी. ते नाव माझ्या जिभेवर होतं. माझ्या स्वतःच्या नावापुढं लागणारं, शाळेच्या दाखल्यापासून डिग्रीपर्यंत सगळीकडं लिहिलेलं. त्या घरात मी वाढलो, आई वडिलांना 'आवं' म्हणून हाक मारते हे जन्मापासून ऐकलं, आणि तरी रकाना करताना ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी सरांकडं पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते.

आई माझ्याकडं बोट करून म्हणाली, "ह्येला इचारा की. ह्येच्या बापाचं नाव हाय."

"त्यांना आज बोलायला बंदी आहे," परीक्षक बाई म्हणाल्या.

शेवटी वहिनीनं कपाळावरचा घाम पुसला आणि एकेक अक्षर शोधत त्या रकान्यात टाइप केलं, 'धाकट्याचे वडील'. मशीननं निमूट घेतलं. पावतीवर छापून आलं, पती, धाकट्याचे वडील. परीक्षक बाई खळखळून हसल्या. मग पावती माझ्यापुढं धरून म्हणाल्या, "आता बोला. तुमच्या गावात धाकट्याचे वडील किती असतील?"

"घरटी एक, मॅडम."

"मग या रकान्याचा उपयोग काय?"

मी म्हणालो, "काही नाही. रकानाच चुकलाय. मला दुरुस्त करायला वेळ द्याल का?"

त्यांनी सरांकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "माझं जेवण होईपर्यंत. नाही जमलं तर हे असंच धरणार."

त्या गेल्या आणि मी मशीनपुढं बसलो. तेवढ्यात आई शेजारी येऊन उभी राहिली. वहिनी जिन्यात भाकरीचं गाठोडं सोडत होती.

"बाळा," आई म्हणाली, "बाई आल्या की म्या घिन नाव."

मी खुर्ची तिच्याकडं वळवली.

"एकडाव घेतलं तर काय आभाळ पडत न्हाई. तितं मेंढरांमागं त्येंस्नी काय ऐकू जातंय? तू पास हो."

तिचा चेहरा अगदी साधा होता. पण पदराचं टोक तिनं मुठीत इतकं घट्ट धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती. लग्नानंतर वडिलांना पटकी झाली होती, तेव्हा दवाखान्यात केसपेपरवर नाव सांगायला तिनं वाटेवरचा माणूस बोलावून आणला होता, हे आम्हाला वडिलांच्या बहिणीनं सांगितलं होतं. तेव्हाही न घेतलेलं नाव ती आज माझ्यासाठी घ्यायला निघाली होती.

"न्हाई घ्यायचं तू," मी म्हणालो. "जा, भाकरी खा. ते माझं काम हाय."

"जमंल?"

"जमंल."

आधी बॅकअप घेतला. घाई होती, पण हात आपोआप तिकडंच गेला. सर माझ्या मागून गेले, टेपचा दिवा लागलेला पाहिला आणि पुढं गेले. मग टेबलातली त्या रकान्याची सक्ती काढली. फॉर्मवरून तो रकानाच उचलला आणि त्या जागी दुसरा ठेवला, 'गावात ओळख'. कुणाची आई, कुणाची सून, कुठल्या वस्तीवरची, बाई सांगेल ते. फॉर्म पुन्हा तयार करून चालवला, तोवर जिन्यात परीक्षक बाईंची पावलं वाजली.

मी परत भिंतीजवळ गेलो. आई खुर्चीत ताठ बसली. माझं तिनं ऐकलं नव्हतं हे मला दिसत होतं. ओठ आवळून ती तयारीत होती.

"नाव?" वहिनीनं विचारलं. आईनं स्वतःचं सांगितलं.

"गावात वळख?"

आईनं माझ्याकडं पाहिलं. "ह्येची आई."

वहिनीनं माझं नाव टाकलं, पुढं 'ची आई'. मग वस्ती. कर्सर सरळ खाली गेला आणि प्रिंटर करकरला.

"आन् त्येंचं?" आईनं विचारलं.

"न्हाई मागत आता, आत्या."

"इचारलंच न्हाई?"

"न्हाई."

आईनं ओठ सोडले. परीक्षक बाईंनी मला विचारलं, "दोन बायकांचं नाव आणि ओळख दोन्ही सारखी निघाली तर?"

"सभासद नंबर वेगळा असतो, मॅडम. मशीन नंबरावर ओळखतं. ही ओळख माणसांसाठी आहे."

त्यांनी गुणपत्रिका पुढं ओढली आणि सही केली. सरांनी ती पाहिली आणि मला म्हणाले, "उद्या सकाळी लवकर या. नव्या बॅचचा पहिला तास तुम्ही घ्या." वर्षभर मला 'तू' म्हणणारे सर त्या दिवशी पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले.

आईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. वहिनीनं तिचा हात दाबला, एवढ्यावरून ती समजली. ती उठली, परीक्षक बाईंच्या जवळ गेली आणि दबक्या आवाजात विचारलं, "बाई, तुमी घेता मालकांचं नाव?"

"हो. नावानंच हाक मारते."

आईनं थोडा विचार केला. "आन् येत्यात?"

"पहिल्या हाकेला नाही येत," बाई म्हणाल्या.

"आमचं 'आवं' म्हटलं की येत्यात," आई म्हणाली, आणि चपला शोधायला दाराकडं निघाली.